अठ्ठेचाळीस मापाची बाही

१

साडेआठला अस्तरवाल्या काकूंनी कटिंगच्या खोलीचं दार ढकललं आणि त्यांच्या हातातली अस्तरांची चळत उंबऱ्यातच पडली. कटिंग मास्टर आपल्याच टेबलावर पालथा होता. गळा डाव्या कानापासून घाटीपर्यंत उघडलेला. घावही एक नाही, तीन. पहिल्या दोनांनी भागलं नाही म्हणून तिसरा हाडापर्यंत नेलेला. ज्या माणसाने चाळीस वर्षांत चामड्यावर चहाचा थेंब पडू दिला नाही, त्याच्या रक्ताखाली बकऱ्याची सहा उत्तम कातडी वाया गेली होती.

त्याच्या उजव्या मुठीत एक बाही होती. तपकिरी चामड्याची, मनगटाला विणीचा पट्टा असलेली, खांद्यापासून सुटलेली. आतल्या बाजूला पिवळ्या खडूने आकडा होता : ४८.

त्या कारखान्यात वैमानिकांची चामडी जाकिटं शिवत. हवाई दलाची सहाशे जाकिटांची मागणी अंगावर होती. अडतीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत मापं, आणि अख्ख्या कारखान्यात अठ्ठेचाळीस छातीचा माणूस एकच. तो म्हणजे बाह्या जोडणारा शिवणकामगार, दारातून तिरका होऊन आत शिरणारा, आणि म्हणूनच ज्याला सगळे बारक्या म्हणत. अठ्ठेचाळीसचं जाकीट म्हणजे बारक्याचंच, अशी थट्टाही चालायची.

मग काय, डोकं चालवायची कुणाला गरजच उरली नाही. मरता मरता मास्टरने खुन्याची बाही उपटली, हे सगळ्यांना दिसलं. दोघातिघांनी बारक्याची पेटी उघडली. आत एका बाहीचं जाकीट निघालं, छातीवर ओलं रक्त.

पुढची दहा मिनिटं लिहायला हात धजत नाही. बारक्याला यंत्रावरून ओढून काढलं, खाली पाडलं, बुटांनी तुडवलं. तो "मी नाही, मी नाही" एवढंच म्हणत राहिला. शेवटी कुणीतरी त्याचे दोन्ही पंजे पाटावर दाबून धरले आणि शिवण ठोकायची लाकडी मोगरी उचलली. शिवणाऱ्याचे हात ते. सातव्या ठोक्याला तो ओरडायचा थांबला.

त्याच वेळी मागच्या छपरीतून त्याची थोरली बहीण आत आली. ती कारखान्याची चेकर. जाकिटातला प्रत्येक दोष टाचणी टोचून दाखवते म्हणून तिचंच नाव टाचणी पडलं होतं. पन्नाशीची, काटकुळी, जिभेला धार. तिने मोगरीवाल्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की मोगरी खाली पडली.

"माणूस आहे तो!" ती किंचाळली. "आधी बघा तरी, मेल्यांनो!"

"काय बघायचं, टाचणीबाई?" मनगट धरून तो म्हणाला. "तुमच्याच चिठ्ठीवरून भांडण झालं ना काल?"

आणि ते खरं होतं.

२

फौजदार घाईतला माणूस होता. त्याने प्रेत पाहिलं, बाही पाहिली, पेटीतलं जाकीट पाहिलं आणि बारक्याला गोदामाच्या खांबाला बांधायला सांगितलं.

"एक वाजता गाडी येईल. मोठ्या ठाण्यात गेला की कबुली निघते," तो म्हणाला.

"न केलेल्या गोष्टीची?"

"बाई, तिथे सगळ्याच गोष्टींची निघते."

टाचणीने घड्याळ पाहिलं. साडेनऊ. भावाचे हात दुप्पट सुजले होते आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. मोठ्या ठाण्यातून तो एकतर फासावर जाणार होता, नाहीतर चादरीत गुंडाळून घरी येणार होता.

"साहेब, ते जाकीट ह्याच्या अंगावर चढवून तरी बघा."

फौजदाराने चढवून पाहिलं. दोन शिपायांनी जोर लावला, बारक्या कण्हला, आणि जाकीट पाठीच्या वर अडकून बसलं. टाचणीला वाटलं, सुटला. फौजदार मात्र मान डोलवत म्हणाला, "घट्ट होतं म्हणूनच बाही निघून आली. चामडं ताणून घालतात, मला माहीत आहे."

घट्ट का होतं, हे टाचणीला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. गेल्या आठवड्यात हवाई दलाचे तपासणी अधिकारी आले, त्यांनी दहा जाकिटं काढली, टेप लावला आणि दहाही परत केली. प्रत्येक जाकीट एक माप लहान. बेचाळीस म्हणून दिलेलं चाळीसवाल्याला होत होतं. आता, वैमानिकाचं जाकीट मुळात आखूड आणि अंगाबरोबरच असतं. ते विमानाच्या खुर्चीत कंबरेशी गोळा व्हायला नको. शिवाय नवं चामडं ताठ असतं, वापराने सैलावतं. म्हणून दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. टाचणीच्याही नाही.

लक्षात आल्यावर तिने काय केलं? शिवणीत आत दबणाऱ्या चामड्याला माया म्हणतात. ती तीन सूत ठेवायची असते, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टाचणीने चिठ्ठी लिहिली : "बाह्या जोडणारा माया पाच सूत घेतो. दोष शिवणीचा." सख्ख्या भावावर ठपका ठेवला की आपण कशा निःपक्षपाती, असा थोडा अभिमानही तिला वाटला होता. शिवण उसवून मात्र तिने पाहिली नव्हती. उसवलेलं चामडं पुन्हा शिवता येत नाही. त्याची जुनी भोकं बुजत नाहीत, जाकीट फुकट जातं, म्हणून उसवायची मनाईच होती.

चिठ्ठी वाचून मास्टरने बारक्याला सगळ्यांसमोर झापलं. बारक्या ओरडला, "माझी माया पाच सूत म्हणणाऱ्याचा गळा धरीन मी!" रात्र गेली, सकाळी गळा चिरलेला सापडला.

"साहेब, सकाळी लवकर इथे बारक्याखेरीज चौघे होते, एक वाजेपर्यंत मला त्यांच्याशी बोलू द्या," टाचणी म्हणाली.

"तीनजणांशीच बोला," फौजदार म्हणाला. "चौथा मेलाय."

३

बाकी कामगार साडेआठला येत. त्याआधी आवारात मास्टर आणि बारक्या सोडले तर तिघेच होते. मालक आणि त्यांचे घरजावई वरच्या मजल्यावर राहत. अस्तरवाल्या काकू साडेसातला येत.

मालक खुर्चीत खचून बसले होते. एके काळी तेच कटर होते. आता हात थरथरत म्हणून चामडं कापायची रापी सोडली होती.

"मास्टरला मी हाताला धरून शिकवलं गं," ते म्हणाले. "सकाळी दाढी करत होतो. खाली काय झालं, मला काही ऐकू आलं नाही."

"मास्टर चुकीचं कापत होते का, मालक?"

"तो? डोळे बांधून कापलं तरी रापी फर्म्याच्या कडेबाहेर जाणार नाही. आणि फर्मे माझ्या काळचे, पत्र्याचे साचे. आकडे बुजले होते, ते दोन महिन्यांमागे जावईबापूंनी नव्याने ठोकून आणले. त्यात काय चुकणार?"

जावईबापू विक्री बघत. बोलणं लोण्यासारखं, बूट चकचकीत. बाराला हवाई दलाचे अधिकारी पुन्हा येणार होते. त्यांना दाखवायचे नमुन्याचे चामडी हातमोजे जावईबापूंच्या हातात चढलेलेच होते.

"टाचणीबाई, तुमचं दुःख मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण भावाचा राग तुम्हालाच माहीत. मी साडेसातपासून वर फोनवर होतो. मास्टरशी माझं काय वैर? त्याच्या खोलीत मी वर्षातून दोनदा जात असेन."

"फर्मे तुम्ही नेले होते म्हणे?"

"आकडे ठोकायला. चांगलं काम केलं तरी चौकशी होते की काय इथे?"

ते हसले. टाचणीला तो हसरा चेहरा मुळीच आवडला नाही, पण न आवडणं हा काही पुरावा नव्हे.

काकू मात्र कोपऱ्यात बसल्या होत्या. पदर तोंडात, नजर जमिनीला. टाचणीने दोनदा विचारलं तरी "मला काही माहीत नाही" हेच पालुपद.

"काकू, माझ्या भावाचे हात बघितलेत?" टाचणी म्हणाली. "अजून तीन तासांनी तो अख्खाच तसा होणार आहे."

काकूंना रडू फुटलं. "मी गेले होते गं आत. पावणेआठला. फौजदार मलाच धरेल म्हणून बोलले नाही. मास्टर जिवंत होते. मला म्हणाले, तुझी शिवण उसवायची बारीक सुरी दे जरा."

"सुरी? कशाला?"

"विचारलं मी. म्हणाले, काल त्या पोराला फार बोललो, रात्रभर झोप नाही लागली."

४

फौजदाराने बाही द्यायला आढेवेढे घेतले. मास्टरची बोटं एव्हाना एकेक करून उघडावी लागली होती. शेवटी, प्रेत हलवून रिकाम्या झालेल्या कटिंगच्या टेबलावर त्याने ती टाकली आणि बारक्याच्या पेटीतलं जाकीटही शेजारी ठेवलं.

टाचणीने पदराला खोचलेली टाचणी काढली. खांद्याच्या शिवणीच्या भोकांतून एकेक करत ती सरकू लागली. दहा भोकं झाली, वीस झाली. मग ती थांबली, आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

"साहेब, चामडं ओढून फाडलं तर काय होतं? दोरा चामड्याला कापत जातो. भोकाची चीर होते. एक भोक दुसऱ्याला मिळतं. कडा पोस्टाच्या तिकिटासारखी होते. ही भोकं बघा. गोल आहेत, सगळीच्या सगळी."

फौजदार वाकला.

"आता दोऱ्याचे तुकडे. तीन टाक्यांचा एक, तीन टाक्यांचा एक. दर तिसरा टाका कापायचा आणि दोरा अलगद ओढायचा, ही मास्टरची पद्धत. बाकी सगळे भसाभस कापतात. साहेब, ही बाही उपटलेली नाही, उसवलेली आहे. शांतपणे, बसून, काकूंच्या सुरीने. खून करताना कुणी स्वतःच्या अंगावरची बाही समोरच्याकडून उसवून घेतो का? पंधरा मिनिटं लागतात तिला!"

एक शिपाई हसला आणि फौजदाराने बघताच गप्प झाला.

"मग जाकीट पेटीत कसं?"

"मास्टर मेले तेव्हा बाही मुठीत आवळली गेली, सुटेना. खुन्याने विचार केला, बाही राहू दे, उरलेलं जाकीट रक्तात बुडवून बारक्याच्या पेटीत टाकू. कालचं भांडण सगळ्यांनी ऐकलंच होतं."

"आणि मास्टरने उसवली कशाला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर टाचणीने टेप लावून दिलं. शिवणीच्या ओळीपासून चामड्याच्या कडेपर्यंत तीन सूत. पुढे तीन. मागे तीन. अख्ख्या घेरात कुठे केसाचा फरक नाही.

"माझ्या भावाची शिवण बरोबर आहे. माझी चिठ्ठी खोटी होती. मास्टरला हेच बघायचं होतं. आता शिवण बरोबर, मास्टरचं कापणं फर्म्याबरहुकूम, आणि तरी जाकीट एक माप लहान. मग उरलं काय?"

तिचं तिलाच उत्तर सापडलं. दोन महिने सगळ्यांनी एकमेकांच्या हातांवर संशय घेतला होता. कटरने शिवणाऱ्यावर, चेकरने भावावर. पत्र्याच्या फर्म्यावर कुणाचा संशय जाणार? तो तर मालकांच्या काळापासून भिंतीवर टांगलेला!

ती भिंतीकडे वळली. साठ-सत्तर फर्मे आपापल्या खिळ्यांना लटकत होते, सगळे पाठमोरे, काळपट. त्यांत एकाचाच आकडा खोलीकडे तोंड करून चमकत होता. बाहीचा फर्मा, ४८.

५

टाचणीने त्याला हात लावला नाही. शेजारचे तीन फर्मे उतरवून तिने टेप लावला आणि त्यांच्या काळ्या कडांवर नख फिरवलं. मग तिने फौजदाराच्या कानात दोन वाक्यं सांगितली. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, घड्याळ पाहिलं आणि तिघांना आत बोलावलं. बाराला दहा कमी होते.

"साहेब लोक येतील इतक्यात," टाचणी म्हणाली. "हे तीन फर्मे टेबलावरच राहिलेत. एकेक टांगा आणि मोकळे व्हा."

मालकांनी फर्मा उचलला, आकडा भिंतीकडे करून टांगला. काकूंनीही तसंच. जावईबापूंनी डाव्या हाताने तिसरा उचलला, आकडा वाचला, खिळ्यावरचा आकडा वाचला आणि आपला आकडा नीट समोर दिसेल असा अडकवला.

"आणखी काही?" ते म्हणाले.

"आणखी थोडंसं. आकडा ठोकला की त्या बाजूला कड उठते, जावईबापू. इथून कातडी खांद्यावर टाकून नेतात, त्यांना ओरखडा पडतो. म्हणून इथे झाडणारासुद्धा आकडा भिंतीकडे करतो. समोर ठेवणारा माणूस एकच, ज्याला आकडा वाचल्याशिवाय बाही कुठली नि पाठ कुठली हे कळत नाही. सकाळपासून हा ४८ समोर तोंड करून आहे. तुम्ही तर वर्षातून दोनदा येता ना इथे?"

"एक पत्रा उलटा टांगला म्हणून मी खुनी?" जावईबापू मोठ्याने हसले. "फौजदारसाहेब, ऐकताय ना?"

"पत्रा उलटा टांगला म्हणून नाही." टाचणीने पुढे होऊन ४८च्या आठात टाचणीचं टोक फिरवलं आणि ते पांढऱ्या अस्तरावर पुसलं. रेघ तांबूस उमटली. "धुतलात, पुसलात, पण ठोकलेल्या खाचेत रक्त राहिलं. तुमच्याच आकड्याच्या. हा फर्मा दोन सूत आत कापलाय, सगळे कापलेत. एका तुकड्याला दोन सूत म्हणजे काहीच नाही. जाकिटाच्या घेरात अशा आठ कडा येतात. दोन इंच गेले, एक माप गेलं. तेवढ्याच कातड्यांत जास्त जाकिटं, आणि विक्री तुमच्याच हातात. कापलेल्या कडेवर कानस मारलीत, वर बुटाचं पॉलिश चोळलंत. कानशीने पत्र्याला धार आली. मास्टरने आज हा फर्मा तुमच्या तोंडासमोर धरला असेल, बाराला अधिकाऱ्यांना दाखवतो म्हणाले असतील, आणि तुम्ही तोच हिसकावून त्यांच्या गळ्यावर ओढलात. तीनदा."

"पुरावा?"

"हातमोजा काढा. उजवा."

जावईबापू हसायचे थांबले. मालक हळूच उठले, जावयापाशी गेले आणि म्हणाले, "काढ."

त्याने काढला नाही. त्याने झेप घेऊन ४८चा फर्मा खिळ्यावरून ओरबाडला आणि टाचणीवर फिरवला. तिने हात आडवा घातला. पत्रा कोपरापासून मनगटापर्यंत मांस उघडत गेला. दुसरा वार मानेवर येणार, तोच फौजदाराचा दंडुका त्याच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. हातमोजा शिपायाने ओढून काढला. तळव्यात आडवी, खोल चीर होती, गळ्यातल्या घावाइतकीच ताजी.

"म्हातारा ऐकेना," जावई गुडघ्यांवर बसून हुंदके देत होता. "मी हात जोडले त्याला. तो म्हणाला, त्या पोराची आधी माफी मागणार, मग तुझं बघणार."

मालकांनी त्याच्या तोंडात लगावली. दुसरी मारताना ते स्वतःच कोसळले.

तोवर दारात कामगार जमले होते. सकाळचेच ते. कुणाच्या तरी हातात तीच मोगरी होती आणि ती जावयाच्या डोक्याच्या दिशेने पुढे येत होती.

"ठेव खाली!" टाचणी रक्ताळलेला हात धरून ओरडली. "सकाळी चुकलात, तरी हौस फिटली नाही का तुमची? ठेव म्हणते ना!"

मोगरीवाला थांबला. त्याच्या मनगटावर तिच्या दातांचे व्रण होते. त्याने मोगरी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांच्या आधी तोच बाहेर निघून गेला.

६

एकची गाडी आली ती जावयाला घेऊन गेली. फौजदाराने बारक्याची दोरी स्वतः सोडली, "चुकून होतं असं कधीकधी," म्हणाला आणि टोपी घालून चालता झाला.

डॉक्टरने टाचणीच्या हाताला एकवीस टाके घातले. बारक्याची बोटं त्याने एकेक करून वाकवून पाहिली. मग म्हणाला, चमचा धरता येईल. सुई-दोऱ्याचं मात्र विसरा.

दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसली. टाचणीने सगळं सांगितलं. गोल भोकं, दोऱ्याचे तुकडे, उलटा आकडा, सगळं. मास्टर माफी मागणार होते हेही सांगितलं. बारक्या ऐकत होता, पट्ट्यांत गुंडाळलेले हात मांडीवर ठेवून.

"भिंतीवरचा एक पत्रा उलटा, तेवढ्यावरून ओळखलंस?" तो म्हणाला. "डोकं आहे ताई तुला."

"तुला सोडवायचं होतं रे."

"कामगारांनी मारलं. ते चिडले होते, त्यांचा मास्टर गेला होता. फौजदाराने बांधलं. तो मला ओळखत नव्हता." त्याने पट्ट्यांतल्या हातांकडे पाहिलं. "तू चिठ्ठी लिहायच्या आधी मला एकदा विचारलंस का गं? नुसतं विचारायचं, की बारक्या, किती सूत घेतोस?"

टाचणीकडे जगातल्या प्रत्येक चुकीला उत्तर असायचं.

"नाही," ती म्हणाली. "नाही विचारलं."

बारक्याने मान हलवली. डॉक्टरचा माणूस गोळ्यांचं पाकीट घेऊन आला, त्याने ते बारक्यापुढे धरलं, आणि बारक्याला ते घेता येईना. टाचणीने ते घेतलं. गोळी काढून त्याच्या ओठांशी नेली तेव्हा तो क्षणभर तसाच बसून राहिला, आणि मग त्याने तोंड उघडलं.